समुद्र का चढला

मिठागरं बुडाल्यावर तिसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस सुगंधा पागधरेने घटनेमागची कारणं मोजणाऱ्या कारणयंत्राची नळी भरतीच्या पाण्यात सोडली. पडद्यावर समुद्र चढण्याच्या कारणांचे आकडे उमटले: सूर्य दोन टक्के, ज्वालामुखी एक टक्का, माणसांचा धूर सत्त्याण्णव टक्के.

शेजारी उभे असलेले तिचे साहेब कुजबुजले, "पागधरेबाई, अहवालात 'निसर्गाचा कोप' एवढंच लिहा. धूर सोडणाऱ्या कारखान्यांवर खटला नको. हे मिठागरवाले गाव सोडतील, मिटलं."

"यंत्र तसं म्हणत नाही, साहेब."

"नोकरी जाईल तुमची."

 सुगंधाने पडदा बांधावर जमलेल्या मिठागरवाल्यांकडे फिरवला आणि एकेक आकडा ओरडून वाचला.

म्हातारी हिराबाय पुढे आली. "पोरी, ह्ये कोर्टात सांगशील?"

"सांगेन," ती म्हणाली आणि तिने गळ्यातलं सरकारी ओळखपत्र काढून साहेबांच्या हातात ठेवलं.