तिसऱ्या खोबणीतलं रॉकेल

नागासेबाईंच्या नवऱ्याची शर्यतीची गाडी गेल्या वर्षी घाटात उजवं वळण चुकून दरीत गेली. तो गेला, इंजिन वाचलं. बाईंना तेच इंजिन पुन्हा चालू करून हवं होतं.

मी इंजिनाचे वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, घासून बसवले, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण टेबलावर उलटं ठेवलं आणि त्याच्या चारही खोबण्यांत रॉकेल ओतलं. दहाचा चहा होईस्तोवर खाली थेंब आला नाही, तर वाल पक्के बसले.

थेंब आला नाही. पण तिसऱ्या खोबणीतलं रॉकेल थरथरत होतं.

"काँप्रेसर बंद कर," कुरामोची मालक म्हणाले.

"बंदच आहे, मालक."

"मग टेबलाला टेकू नकोस. म्हातारा मी झालोय, तू नाही."

मी दोन पावलं लांब उभा होतो.

थरथर वाढत गेली, क्षणभर थांबली, पुन्हा वाढू लागली. मालकांनी कप खाली ठेवला.

"गिअर बदलला," ते हळूच म्हणाले.

बाई संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. रॉकेल आणखी दोनदा थांबलं, दोनदा वाढलं.

"हा चौथा," बाई म्हणाल्या. "आता वळण येईल. ओतून टाका ते, कुरामोचीसान."

मी हेडकडे धावलो. ते जागच्या जागी सपाट होतं. चारही खोबण्यांतलं रॉकेल डावीकडे चढत होतं, गाडी उजवीकडे वळताना चढावं तसं.