माणसांशिवायचे फोटो

"द्राक्षं उतरली की मगच हलेन," या अटीवर झुम्रादच्या आईने समरकंदचं घर विकायला होकार दिला. फोटो काढायच्या दिवशी ती मखमली झगा घालून अंगणात, पानं झडलेल्या वेलाच्या मांडवाखाली येऊन बसली. "मलाही घे रे. माणसांशिवायचं घर कोण घेईल?"

"माणूस दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं, आई. ऊठ बघू!" थोरला मुलगा बाहोदिर हसत म्हणाला.

संध्याकाळी झुम्रादने फोनवर जाहिरात वाचली : 'नवरोजला घर पूर्ण रिकामं मिळेल.'

"अका," तिने थोरल्या भावाला विचारलं, "मार्चातला नवरोज तर महिन्यावर आलाय! द्राक्षं उतरणार सप्टेंबरात; त्याआधी आई हलेल का?"

भावाने आधी आईच्या खोलीचं दार लोटून घेतलं.


"डॉक्टर म्हणाले, नवरोजसुद्धा बघायची नाही ती."