रंगूबाईचा जामीन

"नवऱ्याची सही कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"न्हाई," रंगूबाई म्हणाली. "औंदा त्यो येनार न्हाई."

साताऱ्याच्या पोलीस कचेरीतल्या या टेबलापुढं ती दर साल उभी राहायची. कागदावर तिचं नाव होतं मा खिन, देश ब्रह्मदेश. रंगूनची म्हणून उंब्रजच्या वस्तीनं तिची रंगूबाई केली होती. लढाईच्या काळात अर्जुना लष्कराचे ट्रक चालवायला तिकडं गेला आणि येताना बायको घेऊन आला. परमुलखाची बाई म्हणून तिला इथं राहायला दर वर्षी नवा परवाना लागायचा, आणि परवान्याला नवऱ्याची जामीनकी. गेल्या सालापर्यंत अर्जुना रडतखडत का होईना, येऊन सही ठोकत होता. आता चौसष्ट साली त्यानं मुंबईत दुसरा संसार मांडला होता. "माझा तिचा संबंध नाही," असं त्यानं कचेरीला परस्पर कळवूनही टाकलं होतं. गडी मोठा शहाणा! आणताना समुद्र ओलांडून आणली, सोडताना एक पोस्टकार्ड पुरलं.

फौजदार माणूस वाईट नव्हता, पण कायद्याची रेघ सोडणाराही नव्हता. "बाई, जामीन नाही तर परवाना नाही. महिन्याच्या आत देश सोडावा लागेल."

"आन् माजी पोरगी?"

"ती इथं जन्मली. भारताची नागरिक आहे. तिला कोण कशाला घालवील?"

म्हणजे पोरगी इकडं आणि आई तिकडं. रंगूबाईनं टेबलाची कड घट्ट धरली. "सायेब, मुक्ता सातवीला हाय. बाप तर गेलाच, आता तिची आई बी न्यायची म्हंता? तिला टाकून म्या जायाची न्हाई. परवाना द्या, न्हाईतर बेड्या घाला."

"बेड्या कशाला? घरातलं दुसरं कुणी जामीन राहील का, ते सांगा."

घरातलं दुसरं माणूस एकच होतं, आणि ते रंगूबाईच्या पाठीमागं बाकावर बसलं होतं. तिची सासू, भामाबाई. सकाळी उंब्रजच्या स्टँडवर म्हातारी न सांगता एस.टी.त चढली होती आणि साताऱ्यापर्यंत एक अवाक्षर बोलली नव्हती. ती कशाला आली, हे रंगूबाईला पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वीच साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारी म्हणाली होती, "पोरगी आमची हाय. ती कुटं बी जायाची न्हाई." पोरीचं म्हणाली. सुनेचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

ते तिनं कधीच काढलं नव्हतं. रंगूबाईनं माहेराहून एकच चीज आणली होती, आईनं दिलेली पांढऱ्या दगडाची वीतभर मूर्ती. पहिल्याच दिवशी भामाबाई कडाडली होती, "माज्या देव्हाऱ्यात जागा न्हाई. तुजा द्येव तू गोठ्यात ठेव." रंगूबाईनं वाद घातला नाही. म्हशीच्या गव्हाणीवरच्या कोनाड्यात तिनं मूर्ती मांडली. रोज दिवेलागणीला ती तिथं पणती लावायची आणि हात जोडून पुटपुटत बसायची. आळीतली माणसं म्हशीचा देव म्हणून खिदळायची. खिदळेनात का! तिची पणती कधी चुकली नाही.

मागं काठी वाजली. भामाबाई उठून टेबलापाशी आली.

"अंगठा कुटं लावू?"

रंगूबाईला वाटलं, संपलं. म्हातारी पोरीचा ताबा मागायला आली.

"कशाला, आजी?" फौजदारांनी विचारलं.

"हिच्या जामिनाला."

रंगूबाई चटकन वळली. म्हातारी तिच्याकडं बघायला तयार नव्हती.

"पण तुमचा मुलगा तर म्हणतो, संबंध नाही."

"त्याचा नसंल. माजा हाय."

फौजदारांनी कागद पुढं सरकवला. अंगठा उमटला. शिक्का हातात घेऊन ते थांबले. "आजी, यावर शेरा लिहावा लागतो. ही बाई तुमच्या समाजात मिसळली, तुमचा धर्म, तुमची रीत हिनं घेतली, असं असेल तरच मला शिक्का मारता येईल. खरं काय ते सांगा. ही तुमच्यात कधी आली?"

"कवाच न्हाई," भामाबाई म्हणाली.

रंगूबाईनं डोळे मिटले. एवढ्या जवळ येऊन हे व्हावं! शिक्का फौजदारांच्या हातातच राहिला.

"खोटं कशाला बोलू, सायेब? हिचा द्येव म्याच गोठ्यात धाडला. धा वरसं हिनं एकलीनं तितं दिवा लावला. मग छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घ्येतली. घरोघरचं द्येव किस्नेच्या पान्यात सोडलं. माजा देव्हारा ओस पडला, आन् बुद्धाची मूर्ती आख्ख्या वस्तीत कुनाकडं न्हवती. तवा म्या कंदील घिऊन गोठ्यात ग्येले आन् कोनाड्यातली मूर्ती उचलून घरात आनली. हिला एका शब्दानं इचारलं न्हाई. वंदना म्हनाया आमची जीभ वळत न्हवती, हिला जल्मापास्नं पाठ. ती बी हिच्याकडनंच शिकलो." पहिल्यांदाच म्हातारीनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "ही आमच्यात आली न्हाई, सायेब. आमी समदी हिच्यात ग्येलो."