झेंड्याचा मान

नाकात नथ. गुडघ्यांना पॅड. हँडलला साखरेची गाठी. डोक्यावर हेल्मेट. कुठेतरी ढोल.

“हा काय अवतार?” पाडव्याच्या शोभायात्रेचे प्रमुख दळवीकाका हेमांगीवर खेकसले. बाकीच्या मुली नऊवारी नेसून, फेटे बांधून आपापल्या मोटारसायकलींवर ओळीत थांबल्या होत्या. सर्वांत पुढे झेंड्याची गाडी हेमांगीची, आणि ती जाड जाकीट, हातमोजे, बूट घालून आलेली.

“नऊवारी घरी नेसेन, काका. गाडीवर हेच.”

“अगं, चालत्या माणसाच्या वेगाने जायचंय. फोटोत पार्सलवाली वाटशील! काढ ते टोपलं, फेटा बांध.”

मुली खुदकन हसल्या.

“गेल्या वर्षी माझ्या ताईचा पदर चाकात गेला. तिचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.”

“तिला गाडी नीट येत नव्हती.”

हेमांगीचं डोकं तडकलं. “तिनेच मला गाडी शिकवली! भाषणात आम्हाला रणरागिणी म्हणता आणि आमची डोकी उघडी ठेवून मिरवता? तुमच्या फोटोसाठी आम्ही कातडी सोलून घ्यायची?”

“झेंडा नको असेल तर तसं सांग.”

“झेंडा हवाय. हेल्मेटसकट.”

काकांनी झेंडा सोडवून मागच्या मुलीच्या गाडीला बांधला. टाळ्या पडल्या. हेमांगीने गाडी वळवली आणि ओळीतल्या प्रत्येकीकडे बघत ती उलट दिशेने निघून गेली.

सकाळी घरून स्कूटरवर येताना दळवीकाकांनी हेल्मेट घातलं होतं, हनुवटीखालचा पट्टाही घट्ट लावला होता.