उद्यापर्यंत भाड्यानं

या, बसा. खुर्ची जरा डुगडुगते, पण अजून कुणाला पाडलं नाही तिनं. सुट्टीपुरतं पलीकडचं घर घेतलंत म्हणे. बरं केलंत. आता शेजारी झालात तर एक गोष्ट ऐकून जा. चहा गार व्हायच्या आत संपते.

एक शिंपी. सगळे मास्तरच म्हणतात. जन्मभर मशीन हाणलं. नजर गेली, कंबर गेली, तेव्हा बायको म्हणाली, आता बास, कुठंतरी पाण्याकाठी जाऊन राहू. तर एका सकाळी मास्तर तळ्याकाठच्या एका घराच्या व्हरांड्यात उभे.

"कसं वाटतंय?" बायकोनं विचारलं.

"बरंय. पण घ्यायचं की भाड्यानं राहायचं, ते नीट बघून ठरवू. डोळे मिटून थोडंच घेणार?"

"बघा की. घाई कुणाला आहे?"

मास्तर बघायला लागले. कापड बघावं तसं, उलटंपालटं करून. भिंतींना ओल नव्हती. खिडक्या घट्ट बसत होत्या. गॅसची शेगडी चांगली, पण तिची बटणंच गायब.

"हिची बटणं कुठायत?"

"माझ्यापाशी. मालकांनी दिलीत."

"आणि ती तू पदरात बांधून फिरतेस?"

बायको नुसती हसली. मास्तर फाटकापाशी गेले. फाटकाला कडी होती, आणि ती बाहेरच्या अंगाला.

"माणसं आत राहतात ना? मग कडी बाहेर कशाला?"

"कुत्री शिरतात हो."

"मग ती काय बाहेरून कडी काढणार नाहीत? कुत्री म्हणजे काय बावळट असतात?"

बोलले चेष्टेत, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुपारी त्यांनी कपाट उघडलं. आत एक करडा कोट टांगलेला. जुनी खोड, हात गेलाच. अस्तर उलटून बघितलं. टाका बारीक, एकसारखा. डाव्या खांद्याला मात्र जास्तीची गादी भरलेली. एखाद्याचा खांदा उतरलेला असला, तरच शिंपी अशी गादी भरतो. आणि मास्तरांचा डावा खांदा उतरलेला, मशीनवर वाकून वाकून.

त्यांनी कोट अंगात घातला. बसला! कुठं सुरकुती नाही, कुठं ओढ नाही.

तयार कोट असा बसत नसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. कुणीतरी त्यांचं माप घेतलं होतं. कधी? आणि कशाला?

"हा कोट कुणाचा गं?"

"असेल आधीच्या कुणाचा तरी."

"मग तो गेला कुठं? एवढा चांगला कोट टाकून माणूस जातो कुठं?"

बायको पाठ फिरवून चादर झटकत राहिली. चादर चांगली स्वच्छ होती, तरी झटकत राहिली.

मास्तर आडवे झाले, पण डोळा कसला लागतोय. उन्हं उतरायला लागली तेव्हा बाहेर कुजबुज ऐकू आली. खिडकीच्या फटीतून बघितलं, तर फाटकाशी बायको आणि एक जाडजूड म्हातारा. मालक असणार.

"आज कोट सापडला त्यांना," बायको म्हणत होती. "फार घाबरलेत. निघालेच तर काय करू?"

"जातील कुठं?" म्हातारा म्हणाला. "फाटकाशी मी आहे ना."

एवढ्या वर्षांची बायको, आणि ती त्याला सामील! हाताला येईल ते मास्तरांनी पिशवीत कोंबलं. एक बनियन, कात्री, बायकोची चप्पल. आणि धडपडत बाहेर पडले.

"अहो, थांबा! अंधार पडतोय, रस्ता पाण्याला लागून आहे."

"हात लावू नकोस मला! तू त्यांच्यातली आहेस."

तिनं बाही धरली. मास्तरांनी हिसडा दिला. ती तिथंच मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. फाटकाशी म्हातारा, हलायचं नाव नाही.

"हे घर मी घेणार नाही!" मास्तर ओरडले. आवाज फाटला त्यांचा. "मेलो तरी नाही!"

"नका घेऊ," म्हातारा म्हणाला. "मला तरी कुठं विकायचंय?"

मास्तर गोंधळले. "मग?"

"भाड्यानं राहा. उद्यापर्यंत. सकाळी नाही आवडलं तर मी स्वतः स्टँडवर सोडतो. पिशवी पण मीच उचलतो."

मास्तर विचार करायला लागले. विकत घेतलं की माणूस अडकला. भाडेकरू काय, वाटेल तेव्हा उठून जाऊ शकतो. उद्यापर्यंत म्हणजे सुटकेची वाट आहे.

"उद्यापर्यंतच हां. आणि तो कोट माझ्या डोळ्यांसमोर नको."

"नेतो की मी."

मास्तर मागे वळले. बायकोला म्हणाले, "ऊठ. रडतेस काय लहान पोरीसारखी? एकच रात्र काढायचीय." आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेले. म्हाताऱ्यानं बाहेरून कडी घातली.

झाला ना चहा गार? असू दे, दुसरा टाकतो. तर तो फाटकाशी उभा असतो ना, तो म्हातारा मीच. परवा मी डोळ्याच्या ऑपरेशनला निघालोय, आणि इथं बाई एकट्या. सकाळ झाली की मास्तर सगळं विसरून घर बघायला लागणार, पहिल्यापासून. तुम्ही अंगानं चांगले भरलेले आहात, आवाजही मालकाला शोभेल असा आहे. मी येईपर्यंत रोज संध्याकाळी त्या फाटकाशी उभं राहून, मास्तरांना त्यांचंच घर भाड्यानं द्याल का?