खारट लोणी

मेहिटाबेलबाईंची तक्रार एवढीच होती की सून बिघडली. माळावर तो फिरता प्रवचनकार येऊन गेला आणि तेव्हापासून कझाया भांडी घासतानाही गायला लागली. परवा तर सगळं लोणी खारट करून ठेवलं.

“मीठ दोनदा घातलं असशील,” त्या म्हणाल्या. कझाया नुसती हसली.

आणि आज ती प्रार्थनाघरात साक्ष द्यायला उभी राहिली. देवाची कृपा आपल्याला कशी भेटली, हे सगळ्यांपुढं सांगितल्याशिवाय प्रभुभोजन मिळत नसे. सात वर्षं हिची जीभ काही उचलली नव्हती. भाकर आणि द्राक्षारसाचा पेला निघाला की ही पहिल्या बाकावरून उठून बाहेर जायची, आणि सगळं गाव मेहिटाबेलबाईंच्या तोंडाकडं बघायचं.

हल्ली मात्र कनेक्टिकटात ज्याला त्याला वाचा फुटली होती. मागच्या रविवारी प्रार्थनाघराच्या माडीवर बसणारा गुलाम क्यूफी साक्ष बोलला, आणि न्यायाधीशसाहेबांना त्याच्यामागून त्याच पेल्याला ओठ लावावे लागले.

“बायका कागदावर लिहून देतात, पाळक वाचतात,” शेजारची प्रुडन्स कुजबुजली. “हिला कसला एवढा धीर?”

“तुझाही कागदच होता ना? मग तूही गप बस,” मेहिटाबेलबाई म्हणाल्या. पण मांडीवरचे हात त्यांनी घट्ट आवळले होते.

“मी बुधल्यात लोणी घुसळत होते,” कझाया म्हणाली, आणि अडली.

झालं, आता ही पळणार. मेहिटाबेलबाईंनी डोळे मिटले.

“सासूबाई ओरडल्या, ‘वरून नुसती आदळआपट. आत काही जमतंय का, ते बघ की.’ मी झाकण काढलं. काही नाही, नुसतं दूध हिंदकळत होतं. म्हटलं, मीही अशीच, सात वर्षं. मग जे रडू आलं, ते थांबेना. त्या बुधल्यावर वाकून रडले, रडत रडत घुसळलं. आणि लोणी आलं. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.”

माडीवर क्यूफी खो खो हसला. मग बाकं हसली, न्यायाधीशसाहेब हसले, पाळकांनाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी भाकर उचलली.

कझाया बाकापाशी आली आणि सवयीनं दाराकडं वळली.

मेहिटाबेलबाईंनी तिचा झगा धरला, स्वतः सरकून जागा केली.

“तरीच लोणी खारट,” त्या म्हणाल्या. “बस खाली.”