खाटेच्या सांध्यातला ढेकूण

ढेकूण मारणाऱ्यांचं यंत्र ढेकणाच्या पोटातल्या रक्तावरून माणसाचं नाव सांगायचं, म्हणजे मलम कुणाला द्यायचं ते कळे. एकेक ढेकूण पकडून ठेवलेल्या पहिल्या तिन्ही नळ्यांवर कुमुदताईंचंच नाव आलं. त्यांच्या मनगटावर लाल गांध्यांची ओळ होतीच.

"काकू, रिकाम्या खाटेच्या सांध्यातल्या ह्या ढेकणात मात्र गजानन टेंब्यांचं रक्त आहे," ढेकूण मारायला आलेली शबाना म्हणाली. "कोण ते?"

"आमचे हे. उन्हाळ्यात गेले." दूध उतू गेलं म्हणावं तशा त्या म्हणाल्या.

शबानाने नळीत वळवळणाऱ्या ढेकणाकडे पाहिलं. "म्हणजे तेव्हापासून हा उपाशीच आहे. ढेकूण महिनोन्‌महिने काढतो तसा."

तेराव्याला गजाननरावांची गादी, कपडे, चष्मासुद्धा सुनेने देऊन टाकला होता. तेव्हाही कुमुदताईंना रडू आलं नव्हतं.

"आता खोली तापवते. अंड्यांसकट सगळे मरतील. तुम्ही बाहेर बसा."

"बरं."

शबाना पाठमोरी होताच त्यांनी ती नळी पदराखाली घेतली. गॅलरीत बसून बूच काढलं, नळीचं तोंड मनगटाला लावलं आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, जेवून घ्या."